निव्वळ वजन

४ फेब्रुवारी

ताई,

वाकून नमस्कार करायचा होता, पण खाली गेलो तर उचलायला क्रेन बोलवावी लागेल. उभ्यानेच घे.

फोन सोडून पत्र का, तर दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंचा हुकूम. म्हणाल्या, "सिगारेटची तलफ आली की हाताला काम द्या. विणकाम येतं?" मी म्हटलं, माझी बहीण शिवते, मी फक्त उसवतो. "मग तिलाच पत्रं लिहा." तेव्हा ही पत्रं म्हणजे प्रेम नाही, उपचार आहेत. शिवाय फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो. कागदावर निदान माझं वाक्य पूर्ण होतं.

बातमी अशी की पोट लहान करायच्या ऑपरेशनच्या यादीत माझं नाव लागलं. तारीख ३० मार्च. अट एकच, आठ फेब्रुवारीपासून सिगारेट बंद. २३ मार्चला लघवीची तपासणी, तीत काही सापडलं तर नाव कटलं. सर्जन म्हणाले, ओढणाऱ्याचे आतले टाके जुळत नाहीत, पोट गळतं, आणि मग आम्ही नातेवाइकांना बाहेर बोलावून घेतो. ऑपरेशन नाहीच झालं तर काय, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "दोन वर्षांच्या पुढचे बेत करू नका." फार नम्र माणूस.

दवाखान्याचा काटा दीडशेला थांबतो आणि पुढे नुसत्या रेघा दाखवतो. म्हणून मी आमच्याच वजनकाट्यावर जाऊन उभा राहिलो. बावीस वर्षं ट्रक मोजतोय, स्वतःला पहिल्यांदा मोजलं. १६० आलं. पण आमचा काटा वीस-वीस किलोंच्या उड्या मारतो, त्याच्या आतलं त्याला कळत नाही. म्हणजे मी दीडशे ते एकशे सत्तरच्या मधे कुठेतरी राहतो.

सोडणार ती बाबांसारखी. त्यांनी कसं, एका सकाळी पाकीट खिडकीतून भिरकावलं आणि परत हात लावला नाही. मला गोळ्या, पट्ट्या काही नकोत. औषधाने सोडली तर औषधाने सोडली, त्यात मी कुठे आलो? दवाखान्याने बारा पानांची पुस्तिका दिली आहे. तीन पानं वाचली, चौथ्यावर चहा सांडला.

माझ्या घोरण्यामुळे तुझी भावजय तीन वर्षं बाहेरच्या खोलीत झोपते. मी यादीचं सांगितलं तर म्हणाली, "बघू."

तुझा
काडी


१० फेब्रुवारी

काडी,

लहानपणी वाऱ्याने उडशील अशी भीती होती म्हणून हे नाव पडलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काडीच बुडत असेल तर कुणी काय धरायचं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

पत्र आल्या आल्या हुंगलं. अपेक्षेप्रमाणे धुराड्याचा वास. आठ तारखेच्या आधी लिहिलंस म्हणून माफ. यापुढचं प्रत्येक पत्र हुंगणार आहे. गिऱ्हाइकांचे कपडे हुंगून कोण कुठे जाऊन आला हे ओळखणारी बाई आहे मी, तू कोण लागून गेलास?

तू आजवर सात वेळा सोडलीस. एकदा लग्नासाठी, एकदा मुलीसाठी, दोनदा नवीन वर्षासाठी, बाकीच्या वेळी पाकीट संपलं होतं म्हणून. तरीही सांगते, या वेळी सोड. मला एकच भाऊ आहे आणि त्याच्या मापाचा दुसरा कुठे मिळणार नाही.

सोबत पेपरमिंटचा डबा पाठवते आहे. आमच्या इथे चांगली मिळते, जरा तिखट असते. तलफ आली की एक तोंडात टाक. चावायची नाही, गिळायची नाही, गालात ठेवून विरघळू द्यायची. दिवसाला दहाच्या वर नको. का म्हणून विचारू नकोस, मोठी आहे मी.

तुझ्या शर्टासाठी निळं कापड काढून ठेवलंय. तुझी कॉलर आत्ता वीसची आहे. मी सतराची कापणार. सहा महिन्यांनी त्यात बसला नाहीस तर शिवणारीची चूक नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

बारा दिवस. एकही नाही.

पहिले सहा दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. केबिनच्या अकरा लोखंडी पायऱ्या मी दिवसातून एकदा चढतो आणि एकदा उतरतो. त्या आठवड्यात रोज चारचारदा उतरलो, का ते मलाच कळेना, खाली जाऊन परत वर यायचो. एका ड्रायव्हरला पावतीऐवजी तुला लिहायला घेतलेलं पत्रच दिलं. तो खाली जाऊन वाचत उभा. वर ओरडून म्हणाला, "साहेब, ताईंना माझाही नमस्कार सांगा."

पण सातव्या दिवशी सगळं बदललं. चौदा तारखेला तुझा डबा आला आणि त्याच दिवशी माझी तलफ मोडली. योगायोग बघ. इच्छाशक्ती म्हणजे असंच असतं बहुतेक, सहा दिवस दार ठोठावायचं आणि सातव्या दिवशी ते आपोआप उघडतं. बाबांना सहा दिवसही लागले नाहीत, पण त्यांचं पोट माझ्याएवढं नव्हतं.

तुझी पेपरमिंट मात्र अजब आहे. जिभेला मुंग्या येतात आणि उचक्या लागतात. मी उचकी दिली की खालचे ड्रायव्हर म्हणतात, साहेबांची कुणीतरी आठवण काढतंय. तूच असणार. डबा अर्धा झाला.

काडी


२६ फेब्रुवारी

काडी,

हुंगलं. डिंक आणि पेपरमिंट. सलग तिसऱ्यांदा हुंगलं तर तुझे भाऊजी म्हणाले, आता फ्रेम कर.

दुसरा डबा पाठवते. उचक्या लागल्या तर गोळी घाईने चोखू नकोस, हळू हळू.

तुझी इच्छाशक्ती वाचून भाऊजींना हसू आलं. मी डोळे वटारले. ते म्हणाले, "सांगून टाक त्याला." मी म्हटलं, सगळं ऑपरेशननंतर. टाके वाळले की समोरासमोर बसून सांगू, म्हणजे तुलाही हसता येईल. हे वाक्य लिहायला नको होतं, पण कागद पातळ आहे, खोडलं तर भोक पडेल.

शर्ट कापला. सतराची कॉलर. कात्री लावताना हात थांबला होता, खोटं कशाला बोलू.

ताई


१४ मार्च

ताई,

पस्तीस दिवस. तुमचं गुपित मला कळलं. तुम्ही दोघं ऑपरेशनला येणार आहात आणि मला चकित करायचा बेत आहे. मी चकित होईन, काळजी करू नकोस, सराव करतोय.

मी आता लोकांना उपदेश करायला लागलोय. काल वाळूच्या गाडीचा ड्रायव्हर काट्यावर बिडी पेटवायला लागला, तर मी केबिनमधून त्याला अर्धा तास मनोबलावर ऐकवलं. मागे सात गाड्या अडकल्या. शेवटी तो म्हणाला, "साहेब, सोडतो, पण आधी मला सोडा."

मी ड्रायव्हरांशी कसं बोलतो ते तुला माहीत आहे. वजन जास्त आलं की प्रत्येक जण शपथा घेतो, मी मालाला हात लावला नाही, पाऊस पडला असेल, चिखल असेल. माझं ठरलेलं उत्तर, "काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो." बावीस वर्षांत एकाचंही ऐकलेलं नाही. आता मला तपासणीची घाईच झाली आहे. आयुष्यात पहिल्यांदा काटा माझ्या बाजूने बोलणार आहे.

दवाखान्याचा आहारही पाळतोय, सूप, अंडं आणि पश्चात्ताप. कमरेच्या पट्ट्याला आतल्या बाजूने दोन भोकं पाडली. आमच्या काट्यावर मात्र अजून १६०च. सांगितलं ना, वीसच्या आतलं त्याला दिसत नाही.

तुझ्या भावजयीने परवा उशी परत आणली. मी अजून घोरतो, तिने ऐकून घेतलं. सकाळी म्हणाली, "तीसपासून पंधरा दिवसांची रजा टाकलीय." ताई, या बाईने माझ्यासाठी रजा टाकलेली मला आठवत नाही.

आणि एक सांगतो, हसू नकोस. मी स्वतःला आवडायला लागलोय. या वयात हे शोभत नाही, पण पूर्वी कधी जमलंच नाही.

काडी


२४ मार्च

ताई,

तपासणीत निकोटिन निघालं. थोडंथोडकं नाही, रोज ओढणाऱ्याइतकं. पुन्हा करायला लावली, पुन्हा तेच. मी म्हणालो, मी ओढलेली नाही. सर्जन कागदावरून मान वर न काढता म्हणाले, "सगळे हेच म्हणतात. मशीन खोटं बोलत नाही."

नाव कटलं.

काडी


२९ मार्च

काडी,

पत्र चार वेळा हुंगलं. काही लागलं नाही. याचा अर्थ तू सिगारेट बाहेर ओढत होतास आणि पत्र घरात लिहीत होतास. एवढी अक्कल तू कधी पोट भरण्यापलीकडे वापरली असतीस तर आज कुठे असतास.

पस्तीस दिवस, इच्छाशक्ती, बाबा. मी भाऊजींना वाचून दाखवत होते. शेजारणीला वाचून दाखवत होते. ज्या बाईने उशी परत आणली तिच्या तोंडाकडे तू कसा बघत होतास? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुझा सुंभ तर जळतही नाही, नुसता धुमसतो.

मी तुझ्यासाठी काय काय केलं ते तुला माहीत नाही. असो.

खरं काय ते लिही. मला खोटं बोलणाऱ्याचा राग नाही, मला मूर्ख समजणाऱ्याचा आहे.

ताई


६ एप्रिल

ताई,

खरं लिहितो. एक ओढली होती.

तेरा फेब्रुवारीला, सहाव्या दिवशी, तुझा डबा यायच्या आदल्या दिवशी. केबिनच्या मागे, टायरांच्या ढिगाआड, एका ड्रायव्हरकडून मागून. अर्धी ओढली, अर्धी विझवली, मग विझवलेली परत पेटवली. तुला एकही नाही म्हणून लिहिलं ते खोटं. त्यानंतर शपथेवर एकही नाही. पण तेवढ्या एका सिगारेटने सगळं पकडलं. दोष माझा आहे, यंत्राचा नाही. तू लिहिलंस ते सगळं मला लागू आहे.

तुझ्या भावजयीलाही हेच सांगितलं. तिने विचारलं, "एक?" मी म्हटलं, एक. ती म्हणाली, "तू एक म्हणतोस, ते दहा म्हणतात, मी कुणाकडे बघू?" रजा रद्द करता आली नाही, म्हणून ती पंधरा दिवस तिच्या बहिणीकडे गेली. उशी घेऊन गेली. कपडे थोडेच नेलेत, उशी मात्र नेली.

पुन्हा यादीत नाव घालायचं तर अठरा महिन्यांनी. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन वर्षांतून तेवढे वजा कर, मग बरं व्हायला किती उरतात ते बघ. मी करून बघितलं.

काल एका लोखंडाच्या गाडीचं वजन चाळीस किलो जास्त आलं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, देवाशपथ, मी काही केलं नाही." मी नेहमीचं वाक्य बोललो नाही. त्याला म्हटलं, असेल. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याच्यावर आळ घेतला.

सोमवारपासून परत ओढतोय. दिवसाला अठरा. ज्याच्यासाठी फाशी झाली तो गुन्हा निदान करून घ्यावा म्हटलं.

काडी


२ मे

काडी,

हे पत्र मी दहा एप्रिलला लिहायला घेतलं. मधले तीन आठवडे मी काय करत होते असं विचारशील. तुझ्या पत्राच्या आड लपून बसले होते. तू दोष स्वतःकडे घेतलास, मला वाटलं, राहू दे.

ती पेपरमिंट नव्हती. सिगारेट सोडायच्या गोळ्या होत्या, निकोटिनच्या. भाऊजींनी सहा वर्षांपूर्वी याच गोळ्यांवर सोडली. तू औषध घेणार नाहीस हे मला ठाऊक होतं, तूच लिहिलं होतंस. म्हणून एकेक गोळी चांदीच्या कागदातून सोलून पेपरमिंटच्या रिकाम्या डब्यात भरली. दोन डबे. नखं दुखत होती आणि मी खूश होते.

दहा तारखेला मी औषधाच्या दुकानात गेले होते. म्हटलं तू परत ओढायला लागला आहेस, तिसरा डबा पाठवावा. सहज विचारलं, एका सिगारेटने चाळीस दिवसांनी तपासणी बिघडते का. तो म्हणाला, "शक्यच नाही. ती कधीच धुऊन जाते. पण बाई, या गोळ्या चालू असतील तर बिघडणारच, तेच तर शोधतात." मी म्हटलं, दोन डबे गेलेत. तो म्हणाला, खुर्ची देऊ का.

तुझी एक सिगारेट निर्दोष होती. मी तुला खोटारडा म्हटलं, आणि पुरावा मीच गालात ठेवायला सांगितला होता, हळू हळू.

दवाखान्याला सगळं लिहून कळवलं. छापील उत्तर आलं. निकोटिन कुठल्याही मार्गाने गेलेलं चालत नाही, पुस्तिकेचं पान चौथं पाहावं, मुदत अठरा महिनेच. तुझ्या बायकोलाही लिहिलं आहे. तिचं उत्तर नाही.

आता एवढं उसवलंच आहे तर उरलेलंही. बाबांनी सोडली नव्हती. पाकीट खिडकीतून फेकलं हे खरं. संध्याकाळी मला खाली पाठवून ते वेचून आणायला लावलं हेही खरं. पुढची अकरा वर्षं ते आईच्या शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या खाली असायचं, आणि संपलं की मी आणायचे. तू लहान होतास. तुला "बाबांनी सोडली" एवढंच सांगायचं असं घरात ठरलं होतं. मला वाटतं मी तेव्हापासून एकच काम करते आहे, घरातल्या पुरुषांची इच्छाशक्ती सांभाळायचं.

शिव्या दे. फोनवर दे, मी मधे बोलणार नाही.

ताई


२० मे

ताई,

फोन करून बघितला. जिना चढल्यासारखा दम लागतो, दोन शब्दांत एक श्वास जातो. शिव्या देताना तसं चालत नाही. म्हणून पत्रच.

चौथं पान उघडून बघितलं. चहाच्या डागाखाली स्वच्छ छापलं आहे, गोळ्या, पट्ट्या, च्युइंगगम, सगळं. मी ते वाचलं असतं तरी काही झालं नसतं. मी पेपरमिंट खात होतो.

तुझी भावजय येऊन उरलेले कपडे घेऊन गेली. तुझं पत्र तिने वाचलं आहे. म्हणाली, "तू खरं बोलत होतास तर." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "पण मला ते खोटं वाटलं, आणि वाटायला काही कष्ट पडले नाहीत. त्याचं काय करायचं?" तिच्या बॅगेचं एक चाक तुटलं होतं, ते लावून दिलं.

केबिनच्या पायऱ्या आता दोनदा थांबून चढतो. पाचवीला आणि नववीला. मालक म्हणाले, खाली टेबल टाकून देतो. त्या टेबलावरून आकडे दिसत नाहीत, नुसत्या पावत्या फाडायच्या. हो म्हटलं.

तुझा राग आला नाही. यायला हवा होता, दोन दिवस वाट बघितली. ऑपरेशन गेलं त्याचंही मी काही म्हणत नाही, तू हात धुऊन मागे लागलीस ती मला वाचवायलाच. पण एका पत्रात तू दोन माणसं नेलीस. एक बाबा. दुसरा तो, जो मार्चमध्ये स्वतःला आवडायला लागला होता. तो मला बरा वाटत होता, ताई. मी त्याच्याशी बोलायचो.

काल शेवटचा दिवस म्हणून वरच्या केबिनमध्ये बसून हिशेब लावला, आपल्या धंद्याच्या पद्धतीने. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजा करायचं, उरतो तो निव्वळ माल. तपासणीपर्यंतचे माझे भरलेले दिवस त्रेचाळीस. त्यातले सदतीस तुझ्या डब्याचे, एक टायरांच्या आडचा. वजा केले. निव्वळ पाच.

आठ फेब्रुवारी ते बारा फेब्रुवारी. हे पाच दिवस डबा नव्हता, सिगारेट नव्हती, बाबांचं खरं माहीत नव्हतं. तेवढे माझे. खाली जाऊन काट्यावर उभा राहिलो. १६०. वीसच्या आतलं तो दाखवत नाही.

निळं कापड ठेवून दे. सतराची कॉलर उसवून वीसची होत नाही, तूच मला शिकवलं होतंस.

आणि हे पत्र हुंगू नकोस.

काडी